नाकारलेल्यांची फाईल

जिन्यात माणूस बसला होता आणि त्याला ओलांडून वर जावं लागणार होतं, एवढ्यावरूनच स्वरदाचं डोकं फिरलं. एका हातात बिट्टन मार्केटच्या हाटातून घेतलेली मेथीची जुडी, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, जिना अरुंद, आणि हा मधोमध. पन्नाशीचा असेल. पायांत रबरी चपला, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. ती जवळ आली तसा तो उठला, भिंतीला चिकटला, तिला जाऊ दिलं, आणि ती तीन पायऱ्या वर गेल्यावर मागून म्हणाला, ‘मैडम, पंपवालों की हाज़िरी आप ही के कम्प्यूटर से जाती है ना?’ ती न थांबता म्हणाली, ‘विभाग में पूछिए.’ ‘पूछा. बोले कम्प्यूटर वालों से पूछो.’ आता थांबावंच लागलं. ‘मशीन में ख़राबी है तो विभाग को लिखके दीजिए. वहाँ से हमारे पास आएगा.’ ‘लिखके दिया मैडम. बोले, ख़राबी होती तो मशीन ख़ुद बताती.’ आणि त्यानं उजव्या हाताचा अंगठा वर केला. लिफ्ट मागणारा करतो तसा नव्हे. डॉक्टरला जखम दाखवतात तसा. ‘अंगूठा तो वही है. उन्नीस दिन कहाँ चला गया था?’ तिनं नाव विचारलं. भागीरथ मालवीय. अशोका गार्डनचं पंपहाऊस, रेल्वे लाइनच्या बाजूचं. ‘मैं देखती हूँ,’ ती म्हणाली, आणि वर आली, आणि खुर्चीत बसल्यावर तिला कळलं की राग त्या माणसाचा आलेला नाही. राग त्या तीन शब्दांचा आला आहे. मैं देखती हूँ. हे वाक्य तिनं ऐकलेलं होतं. नोव्हेंबरात, बँकेत, बाबांच्या हयातीच्या दाखल्याच्या वेळी. बाबांचा अंगठा यंत्र घेईना. पुसून लावला, ओला करून लावला, दुसऱ्या हाताचा लावला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस काउंटरला टेकून उभा, खोकतोय, घाम पुसतोय, आणि यंत्र म्हणतंय नाही. ती ओरडली होती, ‘अरे, सामने खड़े तो हैं!’ आणि काचेपलीकडचा तो मुलगा शांतपणे म्हणाला होता, मैं देखता हूँ मैडम. त्यानं पाहिलं नव्हतं. तो चहा प्यायला गेला होता.

म्हणून ती चहा प्यायला गेली नाही. मेथी टेबलाखाली ठेवली आणि बघायला बसली. तेही रागानंच, कोणाला तरी दाखवून द्यायचं म्हणून. शहराच्या पाणीपुरवठा विभागाच्या चौसष्ट पंपहाऊसांत तिच्या कंपनीनं बसवलेली एकेक डबी आहे. पंपचालकानं पहाटे डबीवर अंगठा ठेवायचा. डबी ते इथल्या सर्व्हरला कळवते. सर्व्हर आधी बघतो की कळवणारी डबी ओळखीची आहे का, तिचा नेटवर्कवरचा पत्ता आपल्या यादीत आहे का. असेल तर हजेरी लागते, डबीवर हिरवा दिवा लागतो. नसेल तर लाल. आणि दिवसभरात हिरवा लागलाच नाही तर त्या माणसापुढे आपोआप कारण चढतं: कर्मचारी अनुपस्थित. कारणांची ती यादी स्वरदानंच केलेली होती. वीज नाही, यंत्र बंद, रजा, कर्मचारी अनुपस्थित. काहीच कळलं नाही तर कुठलं घ्यायचं, असं तेव्हा कंपनीच्या मालकानं, अंबरीशनं, विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, शेवटचं घेऊ, सोपं पडेल. सोपं. भागीरथ मालवीय, तीन फेब्रुवारी, कर्मचारी अनुपस्थित. चार फेब्रुवारी, कर्मचारी अनुपस्थित. एकवीसपर्यंत. बावीसला कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या यादीतून नाव कमी. आज चार मार्च. उद्या अकरा वाजता त्याच्या अर्जावर विभागात सुनावणी. ही शेवटची, अर्ज फेटाळला की पुन्हा कुठल्याच कंत्राटात त्याचं नाव लागायचं नाही. सुनावणीला कंपनीनं एक कागद द्यायचा आहे, यंत्रणा चालू होती की बंद एवढंच सांगणारा. यंत्रणा चालू होती. एक मिनिटसुद्धा बंद नव्हती. मग एकोणीस दिवस अशोका गार्डनला पाणी आलं ते कोणी सोडलं? भुतानं? तिनं टाकीच्या पातळीचे आकडे काढले. रोज पहाटे सहानंतर टाकी भरत होती, रोज. हे आकडे विभागाकडेही जात होते. कोणीही, एकाही शहाण्यानं, एका पडद्यावरची भरलेली टाकी आणि दुसऱ्या पडद्यावरचा गैरहजर माणूस शेजारी ठेवून पाहिला नव्हता.

दोन फेब्रुवारी. तीन तारखेपासून सगळं बिघडलं असेल तर दोन तारखेला काय झालं होतं, हे तिला शोधावं लागलं नाही. दोन फेब्रुवारीला तिनं सर्व्हर बदलला होता. इंटरनेटवर पत्त्यांच्या दोन पद्धती आहेत. एक जुनी, चार आकडे आणि मध्ये टिंबं. एक नवी, लांबलचक, कोलनवाली. आधी सर्व्हरला दोन दारं होती, जुन्यांसाठी एक, नव्यांसाठी एक, आणि दोन्हीकडे तेच काम दोनदा लिहिलेलं. ते तिला खुपायचं. तिनं जुनं दार बंद केलं आणि नव्याच दारातून दोघांनाही आत घेतलं. हे करता येतं. चांगलं असतं. फक्त एक होतं. जुन्या पत्त्याचा माणूस नव्या दारातून आला की यंत्र त्याच्या अंगावर नवा अंगरखा चढवतं. पुढे दोन कोलन, चार एफ, पुन्हा कोलन, आणि मग त्याचा तोच जुना पत्ता. तिच्या यादीत पत्ता बिनअंगरख्याचा. आणि यादीशी ताडून पाहणारी ओळ पत्त्यांची तुलना अक्षराला अक्षर लावून करत होती, पाटीवरचं नाव वाचावं तशी. अक्षरं जुळली नाहीत. अनोळखी. नाकारले. चौसष्टपैकी एकसष्ट पंपहाऊसांतल्या डब्यांत नवी सिमकार्डं होती, पत्ते नव्या पद्धतीचे, त्यांना काही झालं नाही. तीन ठिकाणी जुनी राहिली होती. त्यांतल्या दोन ठिकाणी कायम नोकरीतली माणसं. त्यांचा लाल दिवा लागला की पर्यवेक्षक हातानं हजेरी भरायचा. तिसऱ्या ठिकाणी भागीरथ.

आणि हे तिला माहीत होतं. इथे येऊन तिचा राग भिंतीवर आपटून परत तिच्याच तोंडावर आला. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. अमेय दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागला तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं त्याला फळ्यावर लिहून दाखवलं होतं, पत्ता हा मजकूर नसतो. एकच पत्ता दहा तऱ्हांनी लिहिता येतो. आधी अंगरखा उतरव, मग त्याचे मूळ आकडे कर, मग तुलना कर. अमेयनं फोटो काढून ठेवला होता फळ्याचा. मग तिनं स्वतः का नाही केलं? घाई होती? नव्हती. थकली होती? (थकलेली असतेस तू, असं म्हणणारं कोणी असतं तर तिनं त्यालाही फाडलं असतं.) खरं असं की त्या संध्याकाळी ती खूष होती. दोन दारांचं एक झालं, चारशे ओळींच्या दोनशे झाल्या, आणि ते इतकं देखणं दिसत होतं की ती त्याच्याकडे बघत बसली. तपासलं होतं. या खुर्चीत बसून, ऑफिसच्या वायफायवरून. ऑफिसचं वायफाय नव्या पद्धतीचं. सगळं हिरवं. तिनं आपल्या खुर्चीतून सगळं जग तपासलं होतं आणि जगानं होय म्हटलं होतं.

‘अमेय, इकडे ये.’ तो खुर्चीसकट घरंगळत आला. सत्तावीस वर्षांचा, घरी मराठी, बाहेर हिंदी, ऑफिसात दोन्हींची खिचडी. तिनं पडद्यावरची ती एक ओळ दाखवली. त्यानं वाचली, मग पुन्हा वाचली, मग तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘ताई, ये तो… फळ्यावरचं आहे ना हे?’ ‘हो.’ ‘किसने लिखा?’ ‘मी.’ तो पुन्हा पडद्याकडे वळला, आणि तेही तिला सहन झालं नाही. ‘हस की! एवढा शहाणपणा शिकवते, हस!’ ‘हसायचं काय त्यात, ताई. मी तर महिन्याला दोन अशा करतो. तीन ओळी आहेत, आत्ता बदलून टाकू? पाच मिनट का काम.’ ‘थांब.’ का थांब म्हणाली ते तिलाच ठाऊक नव्हतं. मग लक्षात आलं. नाकारलेल्या जोडण्या कुठे जातात? कुठे तरी जात असणार. तिनंच लिहिलं होतं. जात होत्या. रोजची एक फाईल. ती फाईल आजवर कोणी उघडलेली नव्हती, कारण ती कोणाला दिसावी अशी सोयच केलेली नव्हती, आणि तीस दिवस झाले की जुनी फाईल आपोआप पुसली जात होती. तीन फेब्रुवारीची फाईल उद्या सकाळी दहाला पुसली जाणार होती. सुनावणीच्या आधी एक तास. तिनं आधी ते पुसणं बंद केलं, मग सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घेतल्या, मग त्यांतून अशोका गार्डनची डबी वेगळी काढली. आणि तो तिथे होता. तीन फेब्रुवारी, पाच अठ्ठावन्न, नाकारले. लगेच पुन्हा, नाकारले. पुन्हा. चार फेब्रुवारी, सहा वाजून एक मिनिट. पाच फेब्रुवारी, पाच सत्तावन्न. एक दिवस चुकलेला नाही. कधी तीनदा, कधी सातदा. अकरा तारखेला एक्केचाळीस वेळा. अमेयनं ओठांतल्या ओठांत मोजलं आणि म्हणाला, ‘इकतालीस. बाप रे. बंदा उभा राहून दाबतच राहिला.’ आणि सर्व्हरनं प्रत्येक वेळचा क्षण सेकंदासह नीट लिहून ठेवला होता, तो अंगठा कोणाचा तेही लिहून ठेवलं होतं, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूला लिहीत होता की हा माणूस आलेलाच नाही. एकाच वेळी दोन्ही. न लाजता. यंत्राला लाज नसते हे ठीक, ते लिहिणाऱ्याला?

अंबरीशच्या खोलीत एसीचा आवाज होता. हा माणूस पंधरा वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आला, दोन टेबलांवर कंपनी सुरू केली, पहिली नोकरी स्वरदाला दिली. सगळं ऐकेपर्यंत त्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि ते त्याचं शहाणं ऐकणं बघून तिला कळलं की उत्तर तयार आहे. ‘दुरुस्त कर,’ तो म्हणाला. ‘आजच कर. अहवालात “जोडणीतील तांत्रिक अडचण” असं घालू.’ ‘अडचण कोणाची?’ ‘तांत्रिक. अगं, कोण विचारतंय कोणाची ते?’ ‘भागीरथ विचारतोय.’ ‘कोण भागीरथ?’ ती हसली. वाईट हसली. ‘खाली जिन्यात बसलाय. तुम्ही सकाळी त्याला ओलांडून आलात.’ अंबरीशनं पेन खाली ठेवलं. ‘हे बघ, स्वरदा. तांत्रिक अडचण म्हटलं की त्यालाही संशयाचा फायदा मिळतो. कदाचित घेतीलही परत. पण आमच्या सर्व्हरनं हजर माणसाला गैरहजर केलं, असं लेखी दिलं ना, की चौसष्टच्या चौसष्ट ठिकाणी प्रत्येक गैरहजर माणूस उद्या उठून म्हणेल, मीही होतो. एप्रिलमध्ये कंत्राट नवं व्हायचंय. बावीस माणसं आहेत आपल्याकडे. अमेयचं लग्न आहे.’ ‘कदाचित म्हणजे काय? मिळाला नाही फायदा तर?’ ‘तर मी बोलेन त्यांच्याशी.’ ‘कधी?’ ‘आवाज खाली.’ तिनं आवाज खाली केला नाही. मग तो उठून दाराशी गेला, दार लोटलं, आणि खरंच हळुवारपणे म्हणाला, ‘चूक कोणाची आहे, ते आपल्या दोघांना माहीत आहे. मी तुला वाचवतोय हे तुझ्या लक्षात येत नाहीये. उद्या मी जातो. तू येऊ नकोस.’ सगळ्यात वाईट हे होतं की तो खोटं बोलत नव्हता. वाचवत होता. आणि क्षणभर, एसीच्या त्या गार झोतात, तिला वाचावंसं वाटलं. एकोणचाळीस वर्षांची, या शहरात हे काम जाणणारी चार माणसं, आणि त्या चारांत तिचं नाव पहिलं. ते नाव अशा चुकीसाठी, जी पहिल्या वर्षाचा पोरगाही करणार नाही? तिनं मान हलवली असावी. कारण अंबरीश म्हणाला, ‘शाब्बास.’

शाब्बास तिच्या कानात आनंद नगरच्या घरापर्यंत आलं. रायसेन रोडवर स्कूटरसमोर जो येईल त्याला ती शिव्या देत होती, मराठीतून, म्हणजे कोणाला कळू नयेत. जिन्यात उतरताना तो तिथे नव्हता. बरं झालं, असं वाटलं, आणि बरं झालं वाटल्याचा राग आला. घरी बाबा मेथी निवडायला बसले. आई गेल्यापासून संध्याकाळची भाजी तेच निवडतात, एकेक पान बघून, अर्धा तास. नीळकंठराव चौतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होते. फाटकाशी फळा, फळ्यावर खिळे, प्रत्येक खिळ्यावर कामगाराच्या नंबराचा पितळी बिल्ला. आत शिरताना आपला बिल्ला काढून पेटीत टाकायचा. सात वाजून दहा मिनिटांनी पेटी बंद. मग टाइमकीपर पेटीतले बिल्ले मोजणार, ज्याचा नाही तो गैरहजर. लहानपणी तिला वाटायचं, बाबा मोजतात म्हणून ती माणसं असतात. तिनं त्यांना सगळं सांगितलं, तुटक तुटक, पोळी लाटता लाटता, लाटणं जरुरीपेक्षा जास्त आपटत. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, ‘अंबरीश बरोबर सांगतोय.’ ‘बाबा!’ ‘ऐकून तर घे. आमच्याकडे एक रैकवार होता. फिटर. एक दिवस त्याचा बिल्ला पेटीत निघाला नाही. मी गैरहजेरी लावली. तो सांगतोय, मी टाकला, मी टाकला. सगळेच सांगतात. त्याला आधीचे दोन इशारे होते, पंधरा दिवस निलंबित झाला. दिवाळीत पेटी रंगवायला हलवली तर मागच्या फटीत बिल्ला. पेटीच्या तोंडाला आतून पत्रा उचकटला होता, तिथून घसरून गेला असणार.’ ‘मग?’ ‘मग काय. खिळ्यावर अडकवला परत.’ ‘कोणाला सांगितलं नाहीत?’ ‘कोणाला सांगायचं? तो तर कामावर आला होता तोवर. झालं गेलं. उकरून काय मिळणार होतं? माणूस विसरतो गं. तोही विसरला.’ तव्यावरची पोळी जळत होती. ‘आणि तुम्ही?’ बाबांनी एक पिवळं पान बाजूला काढलं, त्याच्याकडे पाहिलं, दोन बोटांत चुरगाळलं. ‘बिल्ला नंबर अठराशे बेचाळीस,’ ते म्हणाले. मग उठून हात धुवायला गेले, अर्धी मेथी तशीच ठेवून.

तिनं तेव्हा त्यांच्यावर चिडायला हवं होतं आणि ती चिडलीही, पण त्या चिडण्याला नेहमीची धार आली नाही. ते मोरीपाशी बराच वेळ हात धूत राहिले. पाण्याचा आवाज. पाणी येत होतं, म्हणजे कुठेतरी कोणीतरी पहाटे जाऊन ते सोडलं होतं.

सकाळी साडेदहाला ती विभागाच्या आवारात होती. हातात छापलेले अकरा कागद. अंबरीश व्हरांड्यात भेटला आणि त्यानं तिला बघितलं, कागद बघितले, आणि मग घड्याळ बघितलं. सहायक अभियंता प्रतिभा सक्सेना, चष्मा डोक्यावर, टेबलावर फायलींच्या दोन भिंती. एका बाजूला पर्यवेक्षक, पाय पसरून. दाराजवळच्या बाकावर भागीरथ, इस्त्रीचा शर्ट, वही. त्यानं स्वरदाला ओळखलं आणि ओळख दाखवली नाही. सक्सेनाबाईंनी अंबरीशचा कागद मोठ्यानं वाचला, जोडणीतील तांत्रिक अडचण, आणि विचारलं, ‘मतलब? ये आया था या नहीं आया था? सीधा बताइए.’ अंबरीशनं घसा साफ केला आणि ‘देखिए मैडम’ असं म्हणाला, आणि त्या देखिएच्या पुढे स्वरदा उभी राहिली. उभी राहताना खुर्ची पडली. ‘आए थे,’ ती म्हणाली. ‘रोज़ आए थे. मशीन ने रोज़ भेजा, हमारे सर्वर ने रोज़ लौटाया. वो हिस्सा मैंने लिखा है. ग़लत लिखा है.’ पर्यवेक्षक म्हणाला, ‘अब मैडम, ये तो बाद में भी बन सकता है कागज़,’ आणि तेवढं तिला पुरलं. आदल्या दिवसापासून दाबून ठेवलेलं सगळं त्याच्यावर कोसळलं. बाकी दोन पंपहाऊसांतसुद्धा लाल दिवा होता, तिथली हजेरी कोणाच्या अक्षरात आहे? टाकी भरत होती ते कोणी पाहिलं? यानं तोंडानं सांगितलं, लिहून दिलं, तुम्ही डबीपाशी एकदा तरी जाऊन उभे राहिलात? ती हिंदीतून सुरू झाली आणि मध्येच मराठीत गेली आणि तिला ते कळलंही नाही. सक्सेनाबाईंनी कागद घेतले, उलटले, टाकीच्या आकड्यांशी दोन-तीन तारखा लावून पाहिल्या. बराच वेळ. मग चष्मा डोळ्यांवरून पुन्हा डोक्यावर गेला. ‘ठीक है. बहाली का नोट आज ही ऊपर जाएगा. बीच के दिन हाज़िर माने जाएँगे. मालवीय जी, आपका काम हो गया. और कंपनी से,’ अंबरीशकडे न बघता, ‘लिखित में चाहिए, नाम के साथ, कि किसकी ग़लती.’ ‘मेरा नाम लिखिए,’ स्वरदा म्हणाली.

झालं. तिला वाटलं होतं की यानंतर काहीतरी सैल पडेल. तिनं भागीरथकडे पाहिलं. कशासाठी पाहिलं, हे तिला पाहतानाच कळलं आणि तिची मान जळली. तो हात जोडत नव्हता. तो बाकावरून उठून टेबलापाशी आला होता आणि त्या अकरा कागदांकडे बघत होता. ‘इसमें क्या लिखा है?’ ‘आपने जब-जब अंगूठा लगाया, उसका टाइम.’ ‘सब?’ ‘सब.’ ‘ये आपके पास था?’ ‘था.’ ‘फरवरी में भी था?’ पंखा फिरत होता. ‘था. किसी ने खोला नहीं. मैंने नहीं खोला.’ भागीरथच्या जबड्याचं एक हाड हललं. राग म्हणजे काय ते तिला कालपासून ठाऊक आहे असं वाटत होतं; हा तो नव्हता. याला आवाज नव्हता, वळायला दुसरी जागा नव्हती, तो सरळ तिच्याकडे बघत होता. ‘पढ़िए,’ तो म्हणाला. सक्सेनाबाई म्हणाल्या, ‘अरे मालवीय जी, हो गया ना. हम समझ गए.’ ‘आप समझ गईं, मैडम. हम नहीं समझे. पढ़ने दीजिए इनको.’

तिनं कागद उचलला. तीन फेब्रुवारी. पाँच अट्ठावन, अस्वीकृत. पाँच अट्ठावन, अस्वीकृत. पाँच उनसठ. पर्यवेक्षक बाहेर निघून गेला. चार फेब्रुवारी. अंबरीश उभा राहिला, मग पुन्हा बसला. पाच. सहा. तिचा घसा सुकला, कोणी पाणी दिलं नाही, तिनं मागितलं नाही. भागीरथ टेबलाच्या कडेला एक बोट टेकवून उभा, प्रत्येक तारखेला वहीचं एक पान उलटत. अकरा फेब्रुवारी आली. ‘इस दिन इकतालीस बार है,’ ती म्हणाली, म्हणजे एकदम सांगून टाकावं म्हणून. ‘इस दिन सुपरवाइज़र साहब ने फ़ोन पे बोला था, हरी बत्ती आए तब तक दबाओ. पढ़िए.’ छह बजकर एक मिनट, चार सेकंड. अस्वीकृत. छह बजकर एक मिनट, सत्रह सेकंड. ती वाचत गेली. आठ, बारा, एकोणीस. तेविसावी ओळ सहा वाजून नऊ मिनिटांची. चोविसावी सहा वाजून एकवीस मिनिटांची. मध्ये बारा मिनिटं कोरी. काल या दिवसाच्या ओळी नुसत्या मोजल्या होत्या, वेळा वाचल्याच नव्हत्या. ती थांबली, मान वर केली.

‘वाल्व खोलने गए थे,’ भागीरथ म्हणाला. ‘पानी का टाइम हो गया था. लोग बर्तन लेके बैठे थे.’

मग वहीवरून नजर न काढता, ‘आगे.’

छह बजकर इक्कीस मिनट, दो सेकंड, स्वरदानं वाचलं. अस्वीकृत.